मॅडम, मॅटर मिळेल का?

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना नावानं कोणी ओळखत नाही, विषयानं ओळखतात. "बचतगट आज आला नाही का?" "दुग्धव्यवसाय दोन पुस्तकं घेऊन गेलाय, परत द्यायचं नाव काढत नाही." "ते स्थलांतर बघा, पंख्याखाली झोपलंय." बाहेरच्या माणसानं ऐकलं तर त्याला जिल्हा नियोजन समितीची बैठक चालू आहे असंच वाटेल. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.ए.ला संशोधन प्रकल्प आणला तेव्हापासून हे असं चाललंय. त्याआधी संशोधन हे फक्त प्राध्यापकांचं दुखणं होतं. पदोन्नतीच्या सुमाराला ते उफाळायचं आणि पीएच.डी. पदरात पडली की कायमचं बरं व्हायचं.

मी इथली ग्रंथपाल. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, संस्थेचं कॉलेज, आणि हाताखाली एक मामा. कागदोपत्री ते ग्रंथालय परिचर आहेत, पण कॉलेजात या पदावरचा माणूस मामाच असतो आणि मामा असल्यामुळे त्याला सगळ्या पोरांना दम द्यायचा हक्क असतो. मामा सातवीपर्यंत शिकलेत. मात्र 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' हे तीन शब्द ते इतक्या सफाईनं उच्चारतात, की नवीन पोरं त्यांनाच सर म्हणतात.

फेब्रुवारी उजाडला की काउंटरवर ठरलेला संवाद सुरू होतो.

"मॅडम, मॅटर मिळेल का?"

"कशावर?"

"सरांनी दिलंय त्याच्यावर."

"सरांनी काय दिलंय?"

"विषय."

"तो काय आहे?"

यावर पोरगं पिशवीतून फाइल काढतं, फाइलमधून कागद काढतं आणि शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं वाचायला लागतं. संशोधनाचा विषय पाठ असणं हे आमच्याकडे उद्धटपणाचं लक्षण मानतात. शीर्षक कधीच एका ओळीत मावत नाही. त्यात 'निवडक' लागतं, 'चिकित्सक अभ्यास' लागतो, 'विशेष संदर्भ' लागतो आणि शेवटी कंसात कालखंड लागतो. एवढं सगळं लिहून झाल्यावर संशोधनाला फारशी जागा उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. विषय : 'तालुक्यातील निवडक आठवडे बाजारांचा चिकित्सक अभ्यास'. आमच्या लेखी ती लगेच 'आठवडे बाजार' झाली. तिच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितलं होतं, की पंचवीस संदर्भ पाहिजेत, त्यातले दहा तरी जर्नलमधले पाहिजेत, आणि त्यातले पाच इंग्रजी. हे ऐकून तिचा चेहरा असा झाला होता, की मामांनी न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

जर्नल ही वस्तू मुळात कुणाला घाबरवण्यासाठी निघालेली नव्हती. १६६५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये आणि मार्चमध्ये लंडनमध्ये अशी पहिली दोन नियतकालिकं निघाली. लंडनचं हेन्री ओल्डेनबर्ग या गृहस्थानं काढलं. तो रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. देशोदेशीचे विद्वान एकमेकांना पत्रं लिहून आपले शोध कळवायचे, तीच बातमी सगळ्यांना एकदम छापून द्यावी असा हिशेब. अंक त्यानं पदरच्या पैशानं काढला, त्यातून चार पैसे सुटतील अशी त्याची आशा होती, आणि ती काही फारशी फळली नाही. साडेतीनशे वर्षांनी इतरांनी मात्र ती अशी फळवून दाखवली की ओल्डेनबर्ग थक्क झाला असता.

कारण आज व्यवहार असा आहे : लेख लिहिणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना पैसे मिळत नाहीत, आणि वाचणाऱ्याला मात्र द्यावे लागतात. आपल्याकडच्या दिवाळी अंकांत निदान मानधनाचं आश्वासन तरी असतं. 'आठवडे बाजार'नं एका लेखावर बोट ठेवलं तर पडद्यावर शीर्षक आलं, लेखकांची नावं आली, दहा ओळींचा सारांश आला आणि त्याखाली चौकट आली : हा लेख वाचायचा असेल तर सदतीस डॉलर. तिनं मोबाइलवर गुणाकार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, एवढ्यात आमच्याकडं शेळीचं करडू येतं." बाजाराच्या अभ्यासाची मला वाटतं ही खरी सुरुवात.

पण लेख सापडायच्याही आधी एक पायरी असते, आणि बहुतेक गाड्या तिथंच अडतात. ही पायरी म्हणजे काय टाइप करायचं. संशोधनाचे लेख शोधायचं यंत्र म्हणजे गूगल स्कॉलर, ते २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. ते उभं करणाऱ्या दोघांतले एक अनुराग आचार्य, आयआयटी खरगपूरचे. शोधचौकटीखाली महापुरुषांच्या खांद्यावर उभं राहण्याचा सल्ला दिलेला असतो. खांद्यावर चढायचं तर आधी महापुरुष गाठावा लागतो. मुलीनं 'वीकली मार्केट' टाइप केलं आणि शेअर बाजाराच्या साप्ताहिक चढउतारांवरचे हजारो लेख समोर उभे राहिले. दोन दिवस ती इमानेइतबारे मुंबई शेअर बाजाराची चंचलता वाचत होती. तिला वाटलं, सरांनाही हेच अपेक्षित असेल, सर पण शेअर्सचं बघतात. भूगोलवाले अशा बाजारांना 'पीरिऑडिक मार्केट' म्हणतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तो शब्द अवतरणचिन्हांत टाकला आणि मांढरदेवीच्या यात्रेतली गर्दी पांगावी तसे शेअर दलाल पांगले.

या अवतरणचिन्हांवर माझा फार जीव आहे. दोन शब्द त्यांच्यात अडकवले की ते शेजारीशेजारीच सापडले पाहिजेत, असा यंत्राला हुकूम जातो. शिवाय बहुतेक लेखांच्या खाली बारीक अक्षरात 'साइटेड बाय' असतं. त्यावर टिचकी मारली की या लेखाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला त्याची यादी येते. लेखाच्या शेवटची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते, हे बारीक अक्षर पुढे आणतं. आणि शेजारी 'ऑल व्हर्जन्स' असं काहीतरी असतं, तिथं पुष्कळदा लेखकानं स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर ठेवलेली फुकट प्रत निघते. सदतीस डॉलरचं करडू असं दोन वेळा आमच्या दावणीला फुकट आलं. संशोधन पद्धतीच्या पेपरात 'संशोधनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा' हा प्रश्न दरवर्षी येतो. 'ऑल व्हर्जन्स' कुठं असतं हा प्रश्न अजून एकदाही आलेला नाही.

फुकटचा आणखी एक मार्ग पोरांना माझ्याआधी ठाऊक असतो. "मॅडम, ते कावळ्याचं चालेल का?" असं हळूच विचारतात. चोचीत किल्ली धरलेला डोमकावळा हे साय-हबचं, म्हणजे प्रकाशकांचे विकतचे लेख परस्पर फुकट देणाऱ्या संकेतस्थळाचं, चिन्ह. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या मुलीनं २०११ साली ते सुरू केलं, आणि २०२० च्या डिसेंबरात तीन बड्या प्रकाशकांनी तिच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पिंडाला शिवायला तासन्‌तास लावणारा पक्षी पीडीएफला मात्र चटकन शिवतो, एवढंच मी त्याविषयी बोलते. बाकी मी पगारी ग्रंथपाल आहे.

सरकारी मार्गही आहे आणि तो चांगला रुंद आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था. बातमी वाचून मी स्टाफरूममध्ये पेढे सांगणार होते. मग दुसरा परिच्छेद वाचला. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या शिक्षणसंस्था. आमचं कॉलेज संस्थेचं. म्हणजे पगार सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची, अध्यक्ष मात्र अण्णासाहेब. पेढे राहिले. आमच्यासारख्यांसाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या सरकारी जाळ्याची 'एन-लिस्ट' आहे, तिच्यात हजारो नियतकालिकं आहेत, आणि ती बऱ्यापैकी पुरते. अडचण पासवर्डची. प्रत्येक विद्यार्थ्याला मी पासवर्ड देते आणि प्रत्येक विद्यार्थी तो विसरतो. मग मामांनी एक युक्ती काढली. प्रवेशअर्जाच्या मागच्या बाजूला ते पासवर्ड लिहून ठेवतात. सायबर सुरक्षेच्या व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांना ही युक्ती त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितली.

आणि मग शोधगंगा. २००९ च्या नियमानुसार पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात द्यावे लागू लागले आणि देशभरचे पाच लाखांहून जास्त प्रबंध आज तिथं फुकट वाचायला मिळतात. पोरांना ती फार आवडते. कारण प्रबंध तिथं तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असतो : शून्य एक शीर्षक, शून्य दोन प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, प्रकरणं. 'दुग्धव्यवसाय' नावाच्या आमच्या विद्यार्थ्यानं एका संध्याकाळी सोळा प्रबंध उतरवले. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय वाचलंस? म्हणाला, "ऋणनिर्देश, मॅडम. सगळ्यांनी बायकोचे आभार शेवटी मानलेत." निरीक्षण अचूक होतं. सोळा प्रबंधांतून एक निष्कर्ष निघाला, तोही सप्रमाण. पण तो दुधाविषयी नव्हता.

इथंच माझं मुख्य दुखणं आहे. लेख मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. पोरांच्या मोबाइलमध्ये शेदीडशे पीडीएफ असतात, आणि लेख उतरवून घेतला म्हणजे तो आपल्याला कळला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. आमच्या पिढीची हीच समजूत झेरॉक्सविषयी होती. झेरॉक्स काढून तिला स्टेपलर मारला की विषय संपला.

मोठमोठ्या लोकांचंही फार वेगळं नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी, सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी, २००३ साली एक मजेदार हिशेब मांडला. एका गाजलेल्या लेखाचा ४,३०० ठिकाणी उल्लेख झाला होता. त्यातल्या १९६ ठिकाणी पान क्रमांक, वर्ष असं काहीतरी चुकलेलं होतं. पण चुकांचे प्रकार निघाले फक्त ४५. एकच चूक ७८ जणांनी केली होती. आता ७८ विद्वानांच्या हातून स्वतंत्रपणे तोच आकडा तसाच चुकेल का? उघड आहे, मागच्या बाकावरच्याचं बघून लिहिलेलं. त्यावरून त्यांनी अंदाज काढला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे जेमतेम वीस टक्के. आमच्याकडच्या पर्यवेक्षकांना हे तंत्र वर्षानुवर्षं माहीत आहे. तिघांच्या उत्तरपत्रिकेत शाहू महाराजांच्या जन्मसालात तीच चूक सापडली की ते बाकांची रांग बघतात.

त्याहून पुढची गंमत म्हणजे नसलेल्या लेखाचा संदर्भ. एका प्रकाशनसंस्थेनं लेखकांना द्यायच्या सूचनांमध्ये, संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक लेख दाखवला होता. तो लेख कोणी लिहिलेलाच नाही. तरी सुमारे चारशे ठिकाणी त्याचा संदर्भ दिलेला सापडला. हयात नसलेल्या माणसाच्या नावे रेशन उचलण्याची कला फक्त आपल्याच तालुक्यात आहे असं मला वाटायचं.

आता तर एआय आलंय. 'स्थलांतर'नं एका रात्रीत चाळीस संदर्भांची यादी आणली, वर्णानुक्रमे, स्वल्पविराम जागच्या जागी. मी एकेक तपासायला बसले. लेखक खरे, नियतकालिक खरं, खंड आणि अंकही शक्यतेतले. लेख तेवढा नव्हता. आजकालच्या बहुतेक लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, तो टाकला की थेट लेखाशी पोचता येतं. यादीतला पहिला डीओआय टाकला, तर कोळंबीच्या रोगांवरचा लेख उघडला. दुसरा कुठंच उघडला नाही. 'स्थलांतर' शांतपणे म्हणालं, "मॅडम, कोळंबी पण स्थलांतर करतेच की."

'आठवडे बाजार'ला मी म्हटलं, बाई, तू एक लेख घे. एकच. पण तो पुरता वाच. लेख निवडला जी. विल्यम स्किनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचा, ग्रामीण चीनमधल्या बाजारांवरचा. १९६४-६५ मध्ये तो तीन भागांत छापला गेला आणि पहिलाच भाग चाळीसेक पानांचा आहे. तो जेस्टोरवर आहे. तिथं स्वतःचं खातं उघडलं तर दर महिन्याला ठरावीक लेख पडद्यावर फुकट वाचता येतात. जेस्टोर काढलं होतं ते ग्रंथालयांत जुने अंक ठेवायला कपाटं पुरेनात म्हणून, १९९५ च्या सुमाराला. आमचीही तीच अडचण आहे, फक्त आमच्या कपाटांत वाळवीसुद्धा राहते, तिलाही जागा लागते.

"मॅडम, स्किनर सरांचा ईमेल आहे का? त्यांनाच विचारते."

"ते २००८ साली गेले गं."

"अगंबाई! कशानं?"

लेख कसा वाचायचा हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. वाचता येतं म्हणजे लेखही वाचता येईल, असं सगळे धरून चालतात. मुलीनं पहिल्या शब्दापासून सुरुवात केली आणि शब्दकोश घेऊन चार दिवसांत दीड पान संपवलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे एस. केशव यांनी २००७ साली विद्यार्थ्यांसाठी दोन पानांचं टिपण लिहिलं होतं, लेख तीन फेऱ्यांत वाचा असं सांगणारं. पहिल्या फेरीत शीर्षक, सारांश, मथळे, निष्कर्ष, आणि संदर्भांत ओळखीचं कोण दिसतं ते. पाच-दहा मिनिटं. दुसऱ्या फेरीत आकृत्या आणि तक्ते नीट बघत मजकूर, बारकावे सोडून. तिसरी फेरी फक्त ज्याच्यावर आपलं पोट आहे त्या लेखासाठी. तिथं प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारायचं. मी हेच तिला सांगितलं, थोडं आपल्या भाषेत. म्हटलं, सारांश म्हणजे स्थळाचा बायोडाटा. त्यात मुलगा निर्व्यसनी असतो, शेती बागायत असते, विहिरीला बारमाही पाणी असतं. कोणताही सारांश 'आम्ही फक्त अकरा लोकांना विचारलं आणि त्यातले चार आमचे पाहुणे होते' असं म्हणत नाही. ते कळतं पद्धतीच्या भागात. किती जणांना विचारलं, कुठं, कधी, कोणी. म्हणून सारांशावर होकार कळवायचा नाही. आधी गावात जाऊन विहीर बघायची.

सारांशापासून संदर्भापर्यंत सगळ्यांनी वाचलेला असा एकच लेख मला ठाऊक आहे. डेनिस अपर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली एका नामांकित नियतकालिकात लिहिलेला. विषय, लिहिणं अडून बसलेल्या लेखकानं स्वतःवर केलेले निष्फळ उपचार. शीर्षकाखाली पान कोरं आहे. परीक्षकानं तो एका शब्दाचीही दुरुस्ती न सुचवता मंजूर केला. आमच्या पोरांना मी तो दाखवते. 'बचतगट'नं विचारलं, "असं आपल्या विद्यापीठात चालतं का?"

तर स्किनर. माणूस १९४९ साली चीनमधल्या चेंगडूजवळ राहून बाजार मोजत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की खेडूताचं जग म्हणजे त्याचं गाव नव्हे, त्याचा बाजार. अठराएक गावं, दीडेक हजार उंबरे मिळून एक बाजार असतो, नकाशावर त्याचा आकार मधाच्या पोळ्यातल्या घरासारखा षट्कोनी पडतो, लहान बाजार शेजारच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी शक्यतो भरत नाही, आणि सोयरिकी जुळतात त्याही बहुतेक याच वर्तुळात, बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात बसलेल्या मध्यस्थांमार्फत.

हे वाचून झाल्यावर ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती आजीला विचारून. आजीचं लग्न सोमवारच्या बाजारात ठरलं होतं. भांड्यांच्या दुकानापाशी. चुलत सासऱ्यानं तिथंच आजीच्या वडिलांना गाठलं होतं, आणि बोलणी होईपर्यंत तांब्याचा हंडा दोघांच्या मध्ये ठेवलेला होता. "मॅडम, चीनमध्ये चहाचं दुकान, आमच्यात भांड्याचं. हे लिहू का?" मी म्हटलं, लिही. मग तिनं तालुक्याचा नकाशा काढला आणि बाजारगावं जोडायला घेतली. षट्कोन काही जमेना. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला घाट, आणि तिसऱ्या अंगाला धरणात बुडालेलं बाजारगाव. मामा खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "आवो, सहा कोन सपाटीला. हितं डोंगरात तीन घावलं तरी लई." पुढं लेख उघडून बघितलं, तर स्किनरही डोंगराळ मुलखात आकार बिघडतो असंच म्हणत होता. फक्त त्यानं त्यासाठी तळटीपा जोडल्या होत्या.

मामांचा उल्लेख आला म्हणून सांगते, आमच्या मराठी नियतकालिकांच्या बाबतीत कुठल्याही शोधयंत्रापेक्षा तेच कामाला येतात. वाईहून निघणारं 'नवभारत', पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, असे बांधीव अंक आमच्याकडे माळ्यावर आहेत. त्यांतल्या बऱ्याच लेखांची गंधवार्ता इंटरनेटला नाही. मामांना मात्र आहे. त्यांची सूची बाइंडिंगच्या रंगावर चालते. "निळा, कोपरा कुरतडलेला, शिवाजीच्या फोटोमागं" असा संदर्भ ते देतात आणि तो आजवर खोटा निघालेला नाही. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, त्यांनी असाच काढून दिला. त्यातलं व्यापाराचं प्रकरण घेऊन मुलगी सोमवारचा बाजार पूर्वी कुठं भरायचा ते शोधत बसली, आणि त्या आठवड्यात तिनं मोबाइल दप्तरात ठेवला होता, ही माझ्या नोकरीतली लक्षात राहिलेली गोष्ट.

एक लेख मात्र कुठंच मिळेना. लेखिका हयात होती, युरोपात कुठंतरी प्राध्यापक. मी म्हटलं, तिलाच लिही. मुलीनं मेल लिहिला तो थेट तहसीलदारांना लिहितात तसा. मी खाली सही करणारी, उपरोक्त विषयास अनुसरून, आपली आज्ञाधारक. इंग्रजीत तो आणखीच केविलवाणा झाला होता. मी फक्त स्पेलिंगं सुधारली. सकाळी उत्तर हजर. लेख जोडलेला, सोबत न मागितलेले आणखी दोन, आणि खाली प्रश्न : तुमचा बाजार कोणत्या दिवशी भरतो, आणि त्या दिवशी शेतमजुरांना मजुरी मिळते का? आपला लेख कुणी मागितला याचा या लोकांना इतका आनंद होतो, की मला वाटतं त्यांच्या घरीही तो कोणी वाचत नसावं.

याच्या उलट बाजूला व्हॉट्सॲपवरचे निरोप. आठ दिवसांत पेपर प्रसिद्ध, आंतरराष्ट्रीय जर्नल, प्रमाणपत्र मोफत, दोन लेखकांना सवलत. अशा दुकानांना आळा घालायला यूजीसीनं २०१८ मध्ये मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली, मग 'केअर' यादी आणली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली. आता ज्यानं त्यानं पारखून घ्यायचं. माझी पारख सोपी आहे : जे नियतकालिक मला, एकही शोधनिबंध न लिहिलेल्या बाईला, 'प्रख्यात संशोधक' म्हणून पत्र पाठवतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

लेखकांच्या नावांवरून आठवलं. १९७५ साली जॅक हेदरिंग्टन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं एकट्यानं लेख लिहिला, पण सगळीकडे सवयीनं 'आम्ही' लिहिलं. एकट्याच्या लेखात ते चालणार नाही असं कळलं. टाइपरायटरचे दिवस, सगळं पुन्हा टाइप कोण करणार? त्यानं आपल्या मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलर्ड या भारदस्त नावानं ते मांजर एका नामवंत नियतकालिकात झळकलं. हे मामांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मांजर तरी माळ्यावर चढत असंल." 'आठवडे बाजार'नं ऋणनिर्देशात त्यांचं नाव घातलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मार्गदर्शकांच्या खालोखाल.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी प्रकल्प चाळला, एका पानावर थांबले आणि विचारलं, "हा स्किनर म्हणजे कबुतरांवर प्रयोग करणारा ना?"

"नाही सर, तो बी. एफ. हा बाजारातला."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि तांब्याच्या हंड्याविषयी विचारलं. त्यावर ती वीस मिनिटं बोलली. शेवटी चहा थंड होतोय म्हणून मार्गदर्शकांनी थांबवलं. तिच्या संदर्भसूचीत पंचवीस नव्हे, चौदाच नोंदी होत्या, आणि चौदाही मी पडताळून पाहिल्या आहेत.

पुढची तुकडी जूनमध्ये येईल. त्यांना एवढंच सांगणं, की येताना विषय पाठ करून या. लेखकाचं नाव, साल आणि शीर्षक वहीत लिहून आणा, 'ती इंग्रजी पीडीएफ' असं म्हणू नका. पासवर्ड मामांकडे आहे. एक लेख शेवटपर्यंत वाचून आलात तर दुसरा शोधायला मी स्वतः शेजारी बसेन, आणि चाळीस नुसते उतरवून आलात तर माळा झाडायचं काम शिल्लक आहे.